नांव, नोड आणि ओळख

एका वर्गांत एकाच नांवाचीं दोन मुलें असलीं, म्हणजे शिक्षक एकास 'थोरला' व दुसऱ्यास 'धाकटा' म्हणतात, किंवा गांवाच्या नांवानें हांक मारतात. आणि त्यांतून सहसा घोटाळा होत नाहीं. याच्या उलट, एकच मुलगा हजेरीपटावर 'सॅम्युएल' आणि आजोबांच्या पत्रांत 'शमुवेल' असला, तरी तो एकच आहे हें त्याच्या आईस कोणी शिकवावें लागत नाहीं. मनुष्य मनुष्यास चेहऱ्यावरून ओळखतो. नांव ही केवळ सोयीची खूण. आंकड्यांच्या व अक्षरांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रापाशीं मात्र चेहरा नाहीं. त्याला जें लिहून द्यावें तेवढेंच ठाऊक. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत कीं दोघांच्या, हें तें आपण होऊन सांगूं शकत नाहीं.

माहिती सांठविण्याची जी पद्धति गेल्या पंचवीस वर्षांत पुढें आली आहे व जिला 'ग्राफ डेटाबेस' असें नांव आहे, तिच्यांत पायथन भाषेंतून काम कसें चालतें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. त्या पद्धतींतील एकेका नोंदीस 'नोड' म्हणतात. नोड तयार करणें हें पांच मिनिटांचें काम आहे. तो नोड नेमका कोणाचा हें ठरविणें, हेंच खरें काम, असें आमचें मत आहे. पालकांनीं 'हें मुलांचें शास्त्र' म्हणून पान उलटूं नये; कारण अशा नोंदींत जीं नांवें पडतात तीं त्यांचीं व त्यांच्या मुलांचींच असतात.

प्रथम 'ग्राफ' या शब्दाविषयीं. गणिताच्या तासाला चौकटीच्या कागदावर जो आलेख काढावयाचा, तो हा नव्हे. येथें ग्राफ म्हणजे कांहीं ठिपके आणि त्या ठिपक्यांस जोडणाऱ्या रेघा, इतकेंच. या विचाराचा उगम प्रशियांतील क्योनिग्सबर्ग शहराच्या पुलांपाशीं झाला. हें शहर आज रशियांत असून त्याचें नांव कालिनिनग्राद आहे. प्रेगेल नदीच्या प्रवाहांनीं शहराचे चार भाग झाले होते, व ते सात पुलांनीं जोडलेले होते. प्रत्येक पुलावरून एकदां, आणि एकदांच, जाणें होईल असा फेरफटका काढतां येईल काय, असा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या थोर गणित्यानें इ. स. १७३५ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेपुढें त्याचें उत्तर मांडलें. रस्त्यांची लांबी, पुलांची रुंदी, घरें व बाजार, हें सर्व त्यानें सोडून दिलें, आणि कोणता भाग कोणत्या भागास जोडलेला आहे एवढेंच जवळ ठेवलें. ज्या भागांतून आपण केवळ पुढें जावयाचें, तेथें येण्यास एक व जाण्यास एक असे पूल जोडीनेंच लागतात; विषम संख्या चालेल ती फार तर आरंभाच्या व शेवटाच्या भागीं. क्योनिग्सबर्गांत एका भागास पांच पूल लागलेले होते व उरलेल्या तिन्ही भागांस तीन तीन. चारही विषम, तेव्हां असा फेरफटका अशक्य. विद्यार्थ्यांनीं हें पाटीवर स्वतः करून पाहावें, पांच ओळींत सिद्ध होतें. अशा आकृतींस 'ग्राफ' हें नांव मात्र पुष्कळ उशिरां, म्हणजे १८७८ सालीं, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणित्यानें दिलें.

ऑयलरनें जें सोडून दिलें होतें तें ग्राफ डेटाबेसानें परत गोळा केलें आहे, असें म्हटलें तरी चालेल. ठिपके व रेघा त्याच. परंतु येथें प्रत्येक ठिपक्याला नांव, गांव, जन्मतारीख असे गुणधर्म चिकटवितां येतात, आणि प्रत्येक रेघेलाही. ठिपका म्हणजे नोड; रेघ म्हणजे नातें.

आतां कोणी विचारील, कीं शाळेच्या कचेरींत रकाने आंखलेल्या वह्या आहेत, त्यांत काय उणें आहे? फारसें कांहीं नाहीं. इंग्लंडांत जन्मलेल्या एडगर कॉड यांनीं १९७० सालीं आयबीएम कंपनींत असतां कोष्टकांच्या डेटाबेसाचें शास्त्र प्रसिद्ध केलें, आणि आज पेढ्या, रेल्वे व कचेऱ्या यांचा बहुतेक व्यवहार त्याच शास्त्रावर चालतो. फीचा हिशेब ठेवावयाचा असेल तर आम्ही कोष्टकच घेऊं. अडचण येते ती साखळीच्या प्रश्नांत. 'या विद्यार्थिनीची थोरली बहीण ज्या शिक्षिकेपाशीं शिकली, त्याच शिक्षिकेच्या हाताखालीं शिकून पुढें परिचारिका झालेल्या मुली आज कोणकोणत्या गांवीं आहेत?' हा प्रश्न बोलावयास एक वाक्य. पण कोष्टकांत त्याकरितां एका वहींतील आंकडा दुसऱ्या वहींत, दुसऱ्या वहींतील तिसऱ्या वहींत, असा पुन्हां पुन्हां शोधून जुळवावा लागतो. साखळीची एकेक कडी वाढली कीं हा शोध वाढतो.

ग्राफ डेटाबेसांत हा शोध वांचतो, तो कसा हें पाहण्यासारखें आहे. 'निओफोरजे' नांवाच्या डेटाबेसाच्या पुष्कळ वर्षें चालत आलेल्या मांडणींत प्रत्येक नोडास अगदीं ठरीव, १५ बाइटांची, जागा मिळते. सर्व जागा सारख्या असल्यामुळें अमुक क्रमांकाचा नोड कोठें आहे, हें शोधावें लागत नाहीं. गुणाकार केला कीं जागा सांपडली. त्या १५ बाइटांत त्या नोडाच्या पहिल्या नात्याचा ठावठिकाणा लिहिलेला असतो. आणि नात्याच्या ३४ बाइटांत तें नातें कोणत्या दोन नोडांस जोडतें व त्या दोहोंपाशीं पुढचें नातें कोणतें, हें लिहिलेलें असतें. एका घरीं गेलें कीं शेजारच्या घराचा पत्ता दारावरच लिहिलेला मिळावा, तसें हें आहे. गांवाची सर्व यादी उघडण्याचें कारण पडत नाहीं.

या निओफोरजेचे एक जनक स्वीडन देशाचे एमिल आइफ्रेम. २००० सालीं मुंबईस येणाऱ्या विमानांत आपण या मांडणीची आकृति एका कागदी रुमालावर काढली, अशी हकीकत ते स्वतः सांगतात. पुढें २००७ सालीं स्वीडनांतील माल्मो शहरीं त्यांची कंपनी स्थापन झाली, व २०१० सालीं डेटाबेसाची १.० ही आवृत्ति निघाली. विमानांतून उतरल्यावर त्या रुमालाचें काय झालें, याची आम्हांला मोठी जिज्ञासा आहे. पण तें असो.

या डेटाबेसाशीं बोलण्याच्या भाषेस 'सायफर' म्हणतात. तिची गंमत अशी, कीं जें म्हणावयाचें त्याचें चित्रच तिच्यांत काढावयाचें असतें. उदाहरणार्थ:

(शमुवेल) —[शिकतो]→ (गणित)

गोल कंसांत नोड, चौकोनी कंसांत नातें, आणि बाणानें दिशा. 'शमुवेल गणित शिकतो' यांतील बाण उलटा केल्यास गणित शमुवेलास शिकूं लागेल, म्हणून दिशेकडे लक्ष असावें. शिवाय नोडास 'विद्यार्थी', 'विषय', 'शिक्षक' असें जातिवाचक लेबल लावतां येतें, व एकाच नोडास एकाहून अधिक लेबलें चालतात. आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी पुढें येथेंच शिक्षक झाला तर त्याला नवा नोड नको, दुसरें लेबल पुरें. अशा प्रश्नभाषांचें 'जीक्यूएल' या नांवाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण एप्रिल २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें आहे, आणि त्यांत या चित्रलिपीचाच अंगीकार आहे. तेव्हां हे कंस व बाण शिकण्यांत घातलेला वेळ फुकट जाणार नाहीं.

पायथन भाषेंतून काम करतांना मध्यें एक दुभाषा लागतो. त्यास 'ड्रायव्हर' म्हणतात. पायथनच्या कार्यक्रमानें ड्रायव्हरास डेटाबेसाचा पत्ता, नांव व परवलीचा शब्द द्यावा; ड्रायव्हर सायफरमधील आज्ञा पलीकडे नेऊन देतो आणि उत्तर घेऊन येतो. पायथन व निओफोरजेची सामान्य आवृत्ति हीं दोन्ही विनामूल्य मिळतात. उत्तरांत नोड आला, तर त्याचे गुणधर्म पायथनच्या शब्दकोशाप्रमाणें नांवानें वाचतां येतात, व त्याचीं लेबलेंही पाहतां येतात.

येथें नवशिक्यांची पहिली फसगत होते. हातीं आलेला नोड हा डेटाबेसांतील नोड नव्हे. ती त्या क्षणाची प्रत आहे. दाखल्याची नक्कल घरीं नेऊन तिच्यावर जन्मतारीख खोडली, तर कचेरींतील मूळ नोंदवहींत कांहीं फरक पडत नाहीं, तसेंच हें. हल्लींच्या ड्रायव्हरांत अशा प्रतीवर लिहूं गेल्यास पायथन साफ नकार देते, हें आम्हांला योग्य वाटतें. 'पायटूनिओ' नांवाच्या एका जुन्या ग्रंथालयांत प्रतीवर लिहितां येत असे, व मग ती वेगळ्या आज्ञेनें डेटाबेसाकडे ढकलावी लागे. ढकलण्यास विसरलें कीं पडद्यावर बदल दिसावा आणि मूळ तसेंच राहावें! त्या ग्रंथालयाची निगा आतां बंद झाली आहे. मूळ बदलावयाचें तर सायफरची आज्ञा पाठवावी, हाच राजमार्ग.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. समजा, शाळेच्या सर्व वार्षिक अंकांतून विद्यार्थ्यांचीं नांवें काढून त्यांचा ग्राफ करावयाचा आहे. सायफरमध्यें नोड निर्माण करण्याच्या दोन आज्ञा आहेत, 'क्रिएट' व 'मर्ज'. क्रिएट ही आंधळी आज्ञा होय. जितक्या वेळां म्हणावें तितक्या वेळां ती नवा नोड करते. मेरी कांबळे हिचें नांव खेळांत, गायनांत व बक्षीससमारंभांत असें तीनदां आलें, कीं क्रिएट तीन मेऱ्या उभ्या करील, आणि प्रत्येकीपाशीं एकेकच बक्षीस दिसेल. मर्ज ही आज्ञा आधीं पाहते, कीं दिलेल्या वर्णनाचा नोड आहे काय. असल्यास तोच हातीं देते, नसल्यास नवा करते.

हें ऐकून विद्यार्थ्यांस वाटेल, कीं मर्ज वापरलें म्हणजे झालें. तसें नाहीं. मर्ज वर्णन जुळवतें तें अक्षरशः आणि सर्वच्या सर्व. मेरी कांबळे, इयत्ता आठवी, राहणार सातारा, असें सर्व वर्णन मर्जला दिलें, आणि पुढच्या वर्षीं तिच्या वडिलांची बदली पुण्यास झाली, तर 'मेरी कांबळे, इयत्ता नववी, राहणार पुणें' अशी कोणी मुलगी यंत्रास सांपडत नाहीं. म्हणून तें निमूटपणें दुसरी मेरी निर्माण करतें. मुलगी वरच्या वर्गांत गेली, एवढ्यावरून तिचे दोन तुकडे होतात! यास्तव मर्जला फक्त तेवढेंच द्यावें, जें त्या व्यक्तीच्या बाबतींत कधीं बदलत नाहीं. गांव, इयत्ता, वय हीं मागाहून वेगळ्या शब्दानें लिहावीं. सायफरमध्यें त्यासाठीं 'सेट' हा शब्द आहे.

मग न बदलणारें असें काय? नांव म्हणावें, तर एकाच नांवाच्या दोन मुली असूं शकतात, आणि मर्ज त्या दोघींची एक मुलगी करून टाकील. एकीचें बक्षीस व दुसरीची गैरहजेरी एकाच पदरांत. येथें आमच्या जुन्या कारकुनांची दूरदृष्टि ध्यानांत येते. प्रवेशाच्या दिवशीं नोंदवहींत जो रजिस्टर नंबर पडतो, तो मुलाचें नांव बदललें, आडनांव बदललें, गांव बदललें, तरी बदलत नाहीं, व दुसऱ्यास दिला जात नाहीं. मर्जला द्यावयाचा तो हाच नंबर. त्यावर 'एकमेवतेचा निर्बंध' घालण्याचीही सोय आहे. तो घातला म्हणजे त्या नंबराचा दुसरा विद्यार्थी-नोड डेटाबेस होऊंच देत नाहीं. हा निर्बंध अवश्य घालावा. कारण दोन ठिकाणांहून दोघेजण एकाच क्षणीं तेंच नांव भरूं लागले, तर दोघांचेंही मर्ज 'असा नोड नाहीं' असें पाहून दोन नोड करूं शकतें. निर्बंध असल्यास तसें घडत नाहीं.

प्रत्येक नोडास डेटाबेस स्वतःचा एक आंतला क्रमांक देतो, मग तोच कां वापरूं नये? हा प्रश्न हुशार विद्यार्थीच विचारतात, म्हणून त्याचें उत्तर देतों. तो क्रमांक जागेचा आहे, माणसाचा नव्हे. नोड पुसला गेला, कीं ती जागा व तो क्रमांक पुढें दुसऱ्याच नोडास मिळूं शकतो. वसतिगृहांतील खाटेचा नंबर लिहून ठेवून दहा वर्षांनीं त्या खाटेवरील मुलास आपला मित्र समजावें, तशांतलाच हा प्रकार होईल.

हें सर्व केवळ शाळेच्या नोंदींपुरतें आहे असें कोणी मानूं नये. २०१६ सालच्या एप्रिलांत 'पनामा पेपर्स' या नांवानें जगभर गाजलेलें प्रकरण अनेकांस आठवत असेल. पनामा देशांतील मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीचे सुमारें १ कोटि १५ लक्ष कागद म्युनिकच्या एका वृत्तपत्राच्या हातीं आले, व त्यांनीं ते शोधपत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळास दिले. कोणती व्यक्ति कोणत्या कंपनीची मालक, ती कंपनी कोणत्या पत्त्यावर, त्या पत्त्यावर आणखी कोणाच्या कंपन्या, हा धागा उलगडण्यास त्या मंडळानें निओफोरजेचाच उपयोग केला. त्याच वर्षीं मे महिन्यांत दोन लाखांहून अधिक कंपन्या व संस्थांची माहिती सर्वांस पाहण्यास खुली झाली. अशा ठिकाणीं आपल्या नांवासारखें नांव दिसलें तर निरपराध गृहस्थाची काय अवस्था होईल, याची कल्पना करावी. शेजारी, सोयरे, नोकरी देणारे, सर्वांच्या दृष्टीस तें नांव पडणार. म्हणूनच त्या मंडळानें आपल्या पानावर स्पष्ट बजावलें आहे, कीं पुष्कळ लोकांचीं नांवें सारखीं असतात. पत्ता वगैरे पाहून खात्री केल्यावांचून कोणी कोणास ओळखलें असें मानूं नये. जेथें रजिस्टर नंबरासारखी खूण नसते, तेथें मोठमोठ्या शोधकांसही हाच सावधपणा पाळावा लागतो.

नांवांचा विषय निघालाच आहे, तर डिसोझा या आडनांवाबद्दल दोन शब्द. वसई, मुंबई व गोवें येथें हें आडनांव फार. रोमन लिपींत पुष्कळ जण पहिल्या अक्षरानंतर वर एक लोंबतें चिन्ह देऊन तें लिहितात. सायफरमध्यें मजकुराच्या आरंभीं व शेवटीं जें अवतरणचिन्ह द्यावयाचें, तें अगदीं असेंच असूं शकतें. आतां एखाद्यानें पायथनमध्यें आज्ञेचे तुकडे व नांव एकास एक चिकटवून वाक्य तयार केलें, तर डिसोझांच्या पहिल्या अक्षरापाशींच यंत्रास वाटतें कीं मजकूर संपला, आणि उरलेलें 'सोझा' त्याला आज्ञेचा भाग भासतो. सज्जन डिसोझांच्या नांवानें नुसता कार्यक्रम अडतो. पण कोणी दुष्टानें नांवाच्या जागीं मुद्दाम पुसून टाकण्याची आज्ञा लिहिली, तर सर्व नोंदींवर पाणी पडावयाचें. उपाय सोपा आहे. आज्ञेंत नांवाच्या जागीं डॉलरची खूण व एक टोपणशब्द ठेवावा, आणि खरें नांव ड्रायव्हरास निराळें द्यावें. मग तें नांव कितीही विचित्र असो, यंत्र त्यास नांवच समजतें.

शेवटीं, ज्याचे चुकून दोन नोड झाले त्या शमुवेलाचें काय करावें? एक नोड पुसावा हें उघड. परंतु ज्या नोडास नातीं चिकटलेलीं आहेत तो साध्या 'डिलीट'नें पुसतां येत नाहीं, डेटाबेस ती आज्ञा नाकारतो. नात्यांसकट पुसणारी 'डिटॅच डिलीट' ही आज्ञा आहे खरी, पण ती घाईनें दिल्यास सॅम्युएलचीं बक्षिसें त्याच्याबरोबर जातील. आधीं सॅम्युएलच्या नोडाचीं सर्व नातीं शमुवेलच्या नोडास जोडावीं, मगच रिकामा नोड पुसावा. हें सर्व एकाच 'व्यवहारांत' करावें. व्यवहार म्हणजे असा आज्ञांचा समूह, कीं जो पुरता तरी घडतो अथवा मुळींच घडत नाहीं. मध्यें वीज गेली तरी अर्धवट स्थिति राहत नाहीं.

मात्र दोघे एकच आहेत अशी खात्री नसेल, तर त्यांस एकत्र करूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. निराळे राहिलेले दोन नोड उद्यां जोडतां येतात. पण चुकून एक केलेल्या दोघांस पुन्हां वेगळें करणें अत्यंत कठीण, कारण कोणतें नातें मूळ कोणाचें होतें याची खूण तोंवर नाहींशी झालेली असते. अशा वेळीं दोन्ही नोड तसेच ठेवून त्यांच्यामध्यें 'कदाचित् तोच' असें एक नातें काढावें, व त्या नात्यावर ही शंका कोणीं, कोणत्या तारखेस, कशावरून नोंदली, तें लिहावें. जुना हजेरीपट मिळाला, किंवा आजोबांचें पत्र घेऊन आई स्वतः शाळेंत आली, कीं तें नातें काढून टाकतां येतें, आणि दोन नोडांचा एक करून त्यावर 'शमुवेल' व 'सॅम्युएल' हीं दोन्ही नांवें लिहितां येतात.